बिनभाकरीचे ताट

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या आमच्या कसमादे पट्ट्यात भेटलेल्या माणसाला "जेवलास का?" असे फारसे कुणी विचारत नाही. "भाकर खादी का?" असे विचारतात. भाकर म्हणजेच जेवण. सालन, भाजी, ठेचा हे सगळे तिचे सोबती. माहेरी आणि सासरीही मी हेच ऐकत आले. त्यामुळे २०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री हे दस्तरखानावर बसले आणि म्हणाले, "उद्यापासून माझ्या ताटात भाकर, चपाती, भात काहीच वाढू नकोस," तेव्हा मला आधी वाटले की माझ्या हातून काहीतरी चुकले आहे.

अम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हातातला निवाला खाली ठेवला. "क्या हुआ? रोटी में क्या निकला?" त्यांनी विचारले.

रोटीत काही निघाले नव्हते. साखर यांच्या रक्तात निघाली होती. तीही आजची नव्हे, २०१९ पासूनची. तीन वर्षे गोळ्या चालू होत्या, गोळ्यांची संख्या वाढत होती आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी दर वेळी जास्तच येत होती. त्या दिवशी ती ९.६ आली होती. पायाच्या तळव्यांना मुंग्या येत होत्या. आमचे गादी-भांडार आहे. दिवसभर मांडी घालून सुई चालवायची, त्यामुळे चालणे-फिरणे नाही. डॉक्टर म्हणाले होते, "भाकरी-भात कमी करा." यांचा स्वभाव असा की कमी करणे यांना जमत नाही, बंद करणे जमते. विडीसुद्धा यांनी एका दिवसात सोडली होती.

हा आजार काही आमच्याच घरात शिरला होता असे नाही. २०२३ साली देशभराची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे म्हटले होते. आमच्या गल्लीतच दहा घरांत चार-पाच माणसे गोळ्या घेतात. पण गोळी घेणे वेगळे आणि ताटातली भाकर उचलणे वेगळे. गोळीने कुणाचे मन दुखत नाही.

आमचे घराणे पिंजाऱ्यांचे. माझे सासरे पिंजण खांद्यावर टाकून मेशी, उमराणे, खर्डे, लोहोणेर अशा गावांना जात. कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया भरून देत. मजुरी बहुधा दाण्यातच मिळे. पायली-दोन पायली बाजरी, कुठे थोडा गहू. संध्याकाळी गोणी पाठीवर घेऊन सासरे घरी आले की अम्मा बाजरी सुपात घेऊन पाखडत आणि त्या दिवशीची कमाई डोळ्यांनी मोजत. आमच्या घरात दाणा हे नुसते अन्न नव्हते, तो पगार होता. भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून, चुंबून, डोळ्यांना लावून बाजूला ठेवायचा, ही शिकवण आपल्या बहुतेक घरांत असते. आमच्या घरात ती जरा जास्तच होती.

म्हणून अम्मांना मुलाचे बोलणे आजाराचे वाटले नाही. रिझ्क नाकारल्यासारखे वाटले. यांनी समजूत घालायला हजरत आयेशांची रिवायत सांगितली. रसूलुल्लाहच्या घरी महिना महिना चूल पेटत नसे, खजूर आणि पाणी यावर दिवस निघत. अम्मांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "उन के घर में था नहीं, बेटा. तेरे घर में तो कोठी भरी है."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हते.

पहिल्या आठवड्यात मी जे केले त्याला स्वयंपाक म्हणणे अवघड आहे. रोजच्यासारखे सालन केले, रोजच्याएवढेच, आणि यांच्या ताटातून फक्त भाकरी काढून घेतली. वाटीभर डाळ, डावभर भाजी आणि काकडीच्या चार चकत्या. दोन भाकऱ्यांची जागा रिकामी. माणूस रात्री दहाला पुन्हा स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघायचा. चौथ्या दिवशी दुपारी दुकानातून मुलगा धावत आला, "अम्मी, अब्बांना घाम सुटलाय, हात कापतायत." घरी साखर मोजायचे यंत्र होते. ५८ दाखवले. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी ते नीट बोलू लागले.

चूक आमचीच होती. जेवणातले पिष्ट एकदम काढले आणि गोळ्या मात्र पहिल्या होत्या तशाच. साखर खाली आणणाऱ्या गोळीला खाली आणायला साखरच उरली नाही. आम्ही डॉक्टरांना विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी जाऊन बोलणी खाल्ली, गोळ्या कमी करून आणल्या आणि रोज कोणत्या वेळी साखर मोजायची ते लिहून आणले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे एकाने केले की दुसरा ऐकून करतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टर आणि मग स्वयंपाकघर. आणि हेही सांगते की प्रत्येक मधुमेह्याने सगळे धान्य सोडायलाच हवे असे कुणी डॉक्टर म्हणत नाही. कित्येकांचे मोजून-मापून खाण्यानेही भागते. आमचे भागले नाही, एवढेच.

ते ५८ पाहून अम्मा घाबरल्या. त्या रात्री बोलल्या ते मी कधी ऐकले नव्हते.

१९७२ साली त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि नुकत्याच लग्न होऊन देवळ्यात आल्या होत्या. देवळा तेव्हा कळवण तालुक्यातले गाव होते. स्वतंत्र तालुका १९९९ साली झाला. पावसाने दगा दिला, विहिरी आटल्या. ज्यांच्याकडून दाणे यायचे त्यांच्याच घरी दाणे नव्हते, मग रजई कोण भरून घेणार? पिंजण भिंतीला टांगले गेले. सासरे आणि अम्मा दोघे सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. तिथे सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकली की तुकडे व्हायचे. अम्मा ते तुकडे गोळा करून ताटात जुळवून ठेवत, भाकरी गोल दिसावी म्हणून. "खाली थाली देखी मैंने," त्या म्हणाल्या. "अब तू जान के खाली कर रहा."

मला तेव्हा कळले की त्यांना राग आलेलाच नव्हता. भाकरीविना ताट म्हणजे त्यांच्या लेखी दुष्काळ होता, आणि तो त्यांच्या मुलाच्या ताटात आला होता.

मग मी विचारले, "अम्मा, मिलोही नसायची तेव्हा काय खायचात?"

त्या थोडा वेळ थांबल्या. गिरणेच्या पात्रात ओल होती तिथे घोळ उगवायची, म्हणाल्या. तांदुळजा मिळायचा. शेवग्याला पाणी लागत नाही, त्याचा पाला ओरबाडून आणायचो. मूठभर डाळ असली तर तिच्यात, नसली तर नुसते मीठ-मिरची. "वो घास-पात था. किसी को बताते भी नहीं थे कि आज ये खाए."

दुसऱ्या दिवशी आठवडे बाजारातून मी घोळीच्या दोन जुड्या आणल्या. अम्मांनी त्या निवडायला घेतल्या. मला वाटले होते रुसतील, पण देठ किती ठेवायचा, हे त्या मला शिकवू लागल्या. घोळ चिरून दोन-तीन पाण्यांतून काढायची, कारण तिच्यात माती फार. हरभऱ्याची डाळ तासभर भिजवून अर्धवट शिजवायची, त्यात घोळ, ठेचलेला लसूण भरपूर, हिरवी मिरची आणि वरून तेलात लाल मिरचीची फोडणी. घोळीला स्वतःची आंबट चव असते, चिंच लागत नाही. त्या दिवशी यांनी दोन वाट्या नव्हे, खोल ताटली भरून खाल्ली, सोबत दोन उकडलेली अंडी आणि कांदा. रात्री डबे उघडायला कुणी उठले नाही.

तिथून मला वाट सापडली. सालन हे भाकरीला लावायचे तोंडीलावणे आहे, ही समजूत आधी सोडावी लागली. भाकरी काढली की सालनच जेवण होते. म्हणून ते तिप्पट करायला हवे, त्यात मीठ-तिखट कमी हवे आणि त्यात चावायला काहीतरी हवे. आपल्या घरांत जी सालने होतात ती यासाठी जणू आधीच तयार आहेत. मेथी-गोश्त, अंबाडी-गोश्त, शेवग्याच्या शेंगा घातलेले मटण, पालक-खिमा. दालचा तर पहा. डाळ, दुधी आणि गोश्त एका भांड्यात. तो आपण भातावर ओततो म्हणून त्याला भाताचा नोकर समजतो. वाडगा भरून नुसता खाऊन पाहा, पोट भरते. फक्त मटण कमी आणि दुधी जास्त घालायचा, कारण रोज मटण कुणाला परवडते? आम्हाला आठवड्यातून एकदा, तेही पाव किलो.

उरलेल्या दिवसांसाठी डाळी होत्या. इथे घरात एक वाद झाला. मुलगी बारावीत होती, ती म्हणाली, "अब्बा, हरभरा, मूग हे कडधान्य आहे. नावातच धान्य आहे. मग ते कसे चालते?" हे गोंधळले. मग तिनेच सांगितले की गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नागली ही तृणधान्ये, म्हणजे गवताच्या जातीची. डाळी शेंगांतल्या. डाळीतही निम्म्याच्या आसपास पिष्ट असतेच, पण १०० ग्रॅम डाळीत वीसेक ग्रॅम प्रथिने असतात आणि चोथाही असतो, त्यामुळे साखर बाजरीच्या भाकरीएवढी झपाट्याने चढत नाही. यंत्राने तेच दाखवले. यांनी तृणधान्ये बंद आणि कडधान्ये मापात, असा नियम केला.

खानदेश-बागलाणच्या चुलीवर बेसनाचे पदार्थ पुष्कळ. वाटीभर बेसन अडीच वाट्या पाण्यात जिरे, लसूण, हळद, मिरची घालून घोटायचे, ताटाला तेल लावून थापायचे आणि वड्या पाडायच्या. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडल्या की पाटवडी. तेच पीठ घट्टसर भिजवून उकळत्या रश्श्यात हाताने सोडले की डुबुकवडे. भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखे वाटावे असा पदार्थ म्हणजे हे डुबुकवडे. रस्सा दाट करायला पूर्वी मी चमचाभर बाजरीचे पीठ लावत असे. आता कांदा आणि सुके खोबरे निखाऱ्यावर जास्त भाजते आणि भाजलेले तीळ वाटून घालते. सकाळी मुगाच्या डाळीची धिरडी करते. डाळ चार तास भिजवायची, आले-मिरची-कोथिंबिरीसह जरा भरड वाटायची आणि बिडाच्या तव्यावर पातळ पसरायची. उलटायची घाई केली की चिकटते, कडा सुटू द्याव्या.

एक गोष्ट मात्र मी चार-पाचदा बिघडवून शिकले. नक्कल करू नये. कुणीतरी सांगितले म्हणून फ्लॉवर किसून त्याचा "भात" केला. मुलांनी चव पाहिली आणि एकमेकांकडे पाहिले. बेसनात जवसाचे पीठ घालून "भाकरी" थापली. ती भाकरीसारखी दिसली, पण तोंडात घालताच सगळ्यांना खऱ्या भाकरीची आठवण आली. फ्लॉवर मसाल्यात परतून फ्लॉवर म्हणूनच खावा. खोट्या भाकरीने खरीची भूक वाढते.

दुसरी गोष्ट, यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक मी बंद केला. एकाच घरात एकाचे पथ्याचे आणि चौघांचे चवीचे असे दोन प्रकार झाले की पथ्यवाला पाहुणा होतो. आता पातेले एकच. मुले, अम्मा आणि मी त्यासोबत भाकरी खातो, हे खात नाहीत. सुरुवातीला यांना पोट साफ न होण्याचा आणि पायात गोळे येण्याचा त्रास झाला. पाणी वाढवले, पालेभाजी दोन्ही वेळा केली, हळूहळू तेही बसले.

आमच्या शेजारच्या मावशींना हे कळले तेव्हा त्या मनापासून खूश झाल्या. "अहो भाभी, मग काय अवघड? आम्ही उपासाला धान्य खातच नाही!" नवरात्र होते. सप्तशृंगगडावर जाणाऱ्यांची वर्दळ होती, दुकानांत उपासाचे जिन्नस पुढे मांडलेले होते. मावशींनी साबुदाण्याची खिचडी पाठवली, दाण्याचा कूट आणि तूप घातलेली. यांनी आवडीने खाल्ली. दोन तासांनी यंत्रावर २४८. आम्ही चक्रावलो. दुसऱ्या दिवशी शिंगाड्याच्या पिठाचे थालीपीठ, तरीही दोनशेच्या वर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साबुदाणा कंदाच्या पिठाचा, शिंगाडा पाण्यातला, बटाटा जमिनीतला. धान्य यांपैकी एकही नाही, पण पिष्ट सगळ्यांतच. उपासाची यादी ज्यांनी केली त्यांनी ती साखरेसाठी केलेली नव्हती. धान्य नाही म्हणजे साखर नाही, असे होत नाही.

मुलीने मावशींना आणखी एक गोष्ट सांगितली. भगर, जी उपासाला भातासारखी शिजवतात, ती तर तृणधान्यच. नागलीसारखे बारीक दाण्याचे गवत. राजगिरा मात्र गवत नव्हे, तो माठाच्या भाजीच्या कुळातला. मावशी हसत सुटल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी उपासाला धान्यच खाल्लं का गं?" दुसऱ्या दिवशी त्या साबुदाण्याऐवजी नुसते भाजलेले शेंगदाणे आणि घट्ट दही घेऊन आल्या. "हे तरी चालतं ना?" ते चालते. तेव्हापासून त्यांच्या उपासाच्या दिवशी आमच्याकडे दही येते.

रमजानमध्ये मला काळजी होती. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, हे कुराणातच आहे. पण सूट असणे आणि माणसाने ती घेणे यांत फरक असतो. महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा, असे यांच्याकडून कबूल करून घेतले. सहरीला तीन अंड्यांची भुर्जी, खिमा-मेथी किंवा डुबुकवडे आणि वाडगाभर दही. इफ्तारला एकच खजूर, मग उकडलेले हरभरे लिंबू पिळून. दोन रोजे सोडावे लागले, बाकीचे झाले.

ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचा प्रश्न आला. शेवया गव्हाच्या. अम्मा म्हणाल्या, "शेवयों के बगैर ईद कैसी?" तेव्हा आमच्या शेजारचे एक वृद्ध उर्दू शिक्षक म्हणाले, "शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. फारसी शब्द आहेत. शेवई त्या नावात कुठे आहे?" मी यांच्यासाठी वेगळ्या वाटीत दूध आटवले. त्यात एक खजूर बारीक चिरून, चारोळी, बदाम, पिस्ते तुपावर परतून आणि वेलची. साखर घातलीच नाही. अम्मांनी त्या वाटीतला एक चमचा घेऊन पाहिला. "अच्छा है," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून भाकरीविना पदार्थाला "अच्छा" मी पहिल्यांदा ऐकले.

बाहेरची घरे मात्र अवघड गेली. लग्नाच्या दावतीत पुलाव नाकारायचा म्हणजे यजमान हात धरतो. मोहरमच्या खिचड्यात गहू असतो. नियाजचा म्हणून हे बोटावर घेऊन चाखतात. गावाकडचे जुने गिऱ्हाईक, ज्यांच्या वडिलांनी सासऱ्यांना बाजरी मोजून दिली होती, त्यांच्या ओट्यावर बसून "भाकरी नको" म्हणणे यांना सगळ्यात जड गेले. पहिल्यांदा खोटेच सांगितले, "आत्ताच जेवून आलोय." त्या घरची म्हातारी नाराज झाली. पुढच्या वेळी खरे सांगितले, "आजी, साखर आहे. मला फक्त भाजी वाढा, पण दोन वाट्या." तिने वांग्याचे भरीत भरून ताट दिले आणि स्वतःच्या साखरेची गोष्ट सांगत बसली. आता आम्ही दोघेही कुठे गेलो तर आधीच सांगतो. लपवण्याने माणसे दुखावतात, आजार सांगितल्याने दुखावत नाहीत.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे लिहिणे खोटे ठरेल. असे खाणे महाग आहे. एक किलो बाजरीच्या पैशांत डझनभर अंडीही येत नाहीत. आमचे दुकान आहे, म्हणून निभते. आमच्याच गल्लीतून पहाटे टेम्पोत बसून कांदे काढायला जाणाऱ्या बाया फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधून नेतात. दिवसभर वाकून काम करायला तेच बळ. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की धान्य सोडा? त्यातल्या एकीला साखर निघाली आहे. तिने विचारले तेव्हा मी एवढेच सांगितले, दोनाची एक भाकरी कर, तिच्यासोबत घोळ-तांदुळजा भरपूर खा, मूठभर भिजवलेले हरभरे ने, आणि सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या बंद करू नकोस. बाजरी वाईट नाही. आमच्या पिढ्या तिच्यावर जगल्या. त्या पिढ्या खडी फोडत होत्या, गावोगाव चालत होत्या. आम्ही बसून सुई चालवतो.

वर्षभराने यांची ती तपासणी ६.७ आली. वजन ९ किलोंनी कमी झाले. पायाच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण रात्री झोप लागते. गोळ्या निम्म्यावर आल्या, सुटल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितले, आता अर्धी भाकरी खाऊन साखर मोजून पाहा. आम्ही एका शुक्रवारी पाहिले. आधी भाजी आणि डाळ, शेवटी बाजरीची अर्धी भाकरी. दोन तासांनी १६८. त्या दिवसापासून दर जुम्म्याला अर्धी भाकरी असते. ती अम्मा थापतात. आता त्यांच्या हातांना कंप आहे, भाकरी सारखी गोल होत नाही. पण त्या वेळी तव्याजवळ त्या मला येऊ देत नाहीत.

अजून एक त्या करतात. रोज रात्री सगळ्यांची जेवणे झाली की एक अख्खी भाकरी दुरडीत फडक्याखाली झाकून ठेवतात. मी एकदा म्हटले होते, "अम्मा, कोण खाणार? वाया जाते." त्या म्हणाल्या, "रात को भूक लगी तो?" साडेतीन वर्षांत यांना रात्री तशी भूक लागलेली नाही. तरी भाकरी असते. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता मी पीठ मळतानाच ती हिशेबात धरते. सकाळी फडके उघडते, शिळी भाकरी दुधात कुस्करते आणि मुले उठायच्या आत स्वतः खाते.